चौतीस घरांचा ठसा

"पुन्हा वाच," सोराइदा फोनमध्ये म्हणाली. "शेवटची आठच. आणि सावकाश."

"अगं राणी, तीनदा वाचलं! सात, सी, सी, चार, नऊ, ए, शून्य, दोन. आता काय नाचून दाखवू?" पलीकडून ओनेलिया म्हणाली. ती दवाखान्यात आकडेवारीच्या खोलीत बसायची, आणि तिच्या मागे कुणाचं तरी मूल भोकाड पसरून रडत होतं.

सोराइदाने हातातल्या कागदाकडे पाहिलं. रविवारी तिने स्वतःच लिहून ठेवलेली आठ अक्षरं वेगळी होती. सगळीच वेगळी.

"जुळत नाही. उघडू नकोस."

"म्हणजे काय झालंय?"

"ते मी बघते. तू हात लावू नकोस. आणि दवाखानाभर सांगत सुटू नकोस."

"मी? मी कधी कुणाला काही सांगते का?" ओनेलिया दुखावल्यासारखी म्हणाली. दुपारपर्यंत दवाखान्यातल्या झाडूवालीलाही ही गोष्ट कळलेली असणार, हे सोराइदाला ठाऊक होतं.

कामाग्वे शहरात सोराइदाच्या शब्दाला जो काही मान होता, तो या आठ अक्षरांमुळे होता. आठवड्याला एकदा हवानाहून बसने एक हार्ड डिस्क यायची. तिच्यात मालिका, गाणी, सिनेमे, घरं विकण्याच्या जाहिराती असं सगळं कोंबलेलं असायचं. मोबाइलवरचं इंटरनेट म्हणजे कंजूष सासऱ्याच्या घरचं जेवण, मागायला लाज वाटावी आणि पोटही भरू नये. म्हणून अर्धं गाव या डिस्कवर जगायचं. डिस्कच्या एका कोपऱ्यात संगणकाचे प्रोग्राम असायचे, आणि तो कोपरा म्हणजे उकिरडा होता. सोराइदा तो उकिरडा उपसायची. बरं दिसेल ते उचलून मागच्या खोलीतल्या जुन्या संगणकावर चढवायची. त्या संगणकाला ना वायर ना नातं, तो कशालाच जोडलेला नव्हता. तिथे एक अख्खा आठवडा प्रत्येक प्रोग्राम चालवून पाहायचा, रात्री बंद करायचा, सकाळी उघडून काय काय बदललं ते तपासायचं. जो तगेल तो 'अवजारं' नावाच्या फोल्डरमध्ये जायचा.

त्या फोल्डरात पुसलेले फोटो परत आणणारा प्रोग्राम होता. त्याने गावातल्या निदान सहा मुलींचे पंधराव्या वाढदिवसाचे फोटो वाचवले होते, आणि तिकडे मुलीचा पंधरावा वाढदिवस लग्नाच्याच थाटात होतो. डिस्क मरायला टेकली की आधीच सांगणारा एक होता. एकच फाइल दहा ठिकाणी पडलेली शोधून देणारा एक. इंटरनेटशिवाय चालणारा ज्ञानकोश, शब्दकोश, प्रोग्राम लिहायला शिकणाऱ्यांसाठी हजारो प्रश्नोत्तरांची उतरवून घेतलेली पानं. प्रत्येकाखाली सोराइदाची एक ओळ असायची. 'चांगला आहे, पण बसवताना तिसऱ्या पानावरची खूण काढा, नाहीतर जाहिराती गळ्यात पडतील.' किंवा, 'दिसायला गरीब, कामाला वाघ.' किंवा नुसतंच, 'बनवणाऱ्याचं नाव लपवलंय. मला आवडलं नाही. तरी आठवडाभर काही केलं नाही.' खाली सही मात्र नसायची. ज्याचं नाव कागदावर नसतं त्याला कुणी चौकशीला बोलवून नेत नाही, असं तिचं मत होतं.

हा फोल्डर बांधून त्याची एकच फाइल व्हायची, आणि सोमवारी एवेलिओ ती सायकलवरून चौतीस घरी पोचवायचा. मंगळवारी सकाळी फोन सुरू. फाइल उघडण्याआधी प्रत्येकाने तिचा ठसा काढायचा. त्यासाठी एक चिमुकला प्रोग्राम होता. त्याच्या तोंडात फाइल टाकली की तो आकड्यांची आणि अक्षरांची एक लांबलचक ओळ द्यायचा. फाइलीत एक स्वल्पविराम जरी इकडचा तिकडे झाला तरी ती ओळ पार बदलायची. त्या ओळीची शेवटची आठ अक्षरं फोनवर वाचायची, आणि सोराइदाने 'जुळलं' म्हटलं की मगच फाइल उघडायची. स्वतःकडचा आकडा ती कधीही आधी सांगत नसे. आधी सांगितला तर लोक न बघताच 'हो हो, तोच आहे' म्हणतात, हे तिने माणसांना पुरतं ओळखून ठरवलं होतं.

अकरा वर्षांत नऊ वेळा ठसा चुकला होता. नऊही वेळा नकलेत गडबड झाली होती, पेन ड्राइव्ह खराब होता, नाहीतर मध्येच वीज गेली होती.

फोन पुन्हा वाजला. मोबाइल दुरुस्त करणारी दायामी बोलत होती. तिशीची बाई, तोंडाने फटकळ, हाताने हुशार.

"सोराइदाबाई, लिहा. सात, सी, सी, चार, नऊ, ए, शून्य, दोन."

सोराइदाने लिहिलं. ओनेलियाचीच आठ अक्षरं.

"झोपलात का?"

"दायामी, दुकान सोडून पाच मिनिटं येशील? पेन ड्राइव्ह घेऊन ये. फाइल उघडू नकोस."

तिने फोन ठेवला. एका घरी ठसा चुकला तर नक्कल बिघडली असेल. दोन घरी चुकला तर दोन्हीकडे वेगवेगळा चुकायला हवा. दोन्हीकडे एकच चुकीचा ठसा येतो, याचा अर्थ फाइल बिघडलेली नाही, बदललेली आहे. कुणीतरी ती उघडली, आत काही घातलं, पुन्हा बांधली आणि वाटली. आणि सोराइदाच्या घरापासून त्या चौतीस घरांपर्यंत मध्ये एकच माणूस होता.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. संशयाचं असंच असतं, एकदा दार उघडलं की सगळे भाऊबंद गोळा होतात. दोन आठवड्यांपूर्वी एवेलिओने विचारलं होतं, "बाई, तुम्ही हे बांधता कसं हो? एकदा दाखवा ना." अकरा वर्षं त्याला ते बघायची इच्छा झाली नव्हती. गेल्या सोमवारी त्याने तिची दोन्ही आडनावं विचारली होती, बापाकडचं आणि आईकडचं. दोन्ही! हसत हसत, पावतीच्या मागे लिहूनही घेतली होती. दोन्ही आडनावं एकतर सरकारी निरीक्षक विचारतो, नाहीतर चहाडी करणारा. आणि काल तो फाइल न्यायला आला तेव्हा मिशी काढून आला होता. उगाच बसून राहिला. झुलत्या खुर्चीत बसून अंगणाकडे बघत म्हणाला, "तुमचं अंगण छान आहे." अंगणात एक मोडकी बादली होती.

तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती, पण तिने तिकडे लक्ष दिलं नाही. एवेलिओ म्हणून दिलं नाही. आता तिला त्याचाच राग आला.

सोराइदा जन्मतः अशी नव्हती. तरुणपणी ती साखर कारखान्याच्या हिशेबखात्यात संगणकावर बसायची. सहा कारखान्यांचं उसाचं वजन, मळीचं वजन, कोणत्या तासाला किती गाळप झालं, सगळं तिच्या बोटांखालून जायचं. एक दिवस तिचा तेव्हाचा नवरा राजधानीतून संगणकाची एक चकती घेऊन आला. तिच्यात एक खेळ होता, माकड झाडावर चढतं असा. "उघड तर खरी, मजा येईल," तो म्हणाला. तिने उघडली. माकड झाडावर चढलं आणि चार महिन्यांच्या गाळपाचे आकडे गिळून बसलं. तीन दिवस तिला एका खोलीत बसवून चौकशी केली, कुणासाठी केलंस, कुणी शिकवलं. नवऱ्याने सांगितलं की चकती त्याची नव्हतीच. चकती गेली, नोकरी गेली, नवराही गेला. शेवटचं जाणं तिला फारसं लागलं नाही. पण 'उघड तर खरी' हे शब्द मात्र तिने कायमचे लक्षात ठेवले.

दायामी आली ती स्कूटरच्या आवाजासकट. तिने आणलेला पेन ड्राइव्ह सोराइदाने जुन्या संगणकात घातला. मूळ फाइल आणि ही फाइल शेजारी शेजारी ठेवल्या. नवी फाइल थोडीशी मोठी होती. आतली यादी काढली. सगळे प्रोग्राम जागच्या जागी होते, आणि तळाशी एक फाइल जास्तीची होती. तिचं नाव होतं, 'वाचा'.

"अगदी लहान दिसतेय," दायामी म्हणाली. "नुसता मजकूर असेल. उघडून बघू या?"

"लहानच असतात. आणि नाव बघ. वाचा म्हणे! विष आहे असं लिहून कुणी विष विकतं का?"

"पण एवेलिओ असं करेल? सोराइदाबाई, तो माणूस उरलेलं सुटं नाणंही परत आणून देतो."

"असंच वाटतं सगळ्यांना."

"तुम्ही त्याला विचारा तरी."

"विचारलं तर तो काय 'हो' म्हणणार आहे?"

दायामी खांदे उडवून निघून गेली, आणि सोराइदा फोनला भिडली. तिने यादी काढली आणि वरून सुरुवात केली. घड्याळवाला, पशुवैद्य, शाळेतली गणिताची बाई, विद्यापीठातली तीन पोरं, चर्चच्या कचेरीतली सेविका. प्रत्येकाला तेच सांगितलं. "उघडू नका. पुसून टाका. एवेलिओने फाइलला हात लावलाय. काय घातलंय माहीत नाही." कुणी विचारलं, 'खरंच?' तर ती म्हणायची, 'ठसा खोटं बोलत नाही.' पशुवैद्य म्हणाला, "मला त्याचं वागणं हल्ली जरा विचित्रच वाटायचं." सकाळपर्यंत पशुवैद्याला एवेलिओबद्दल काहीच वाटत नव्हतं. साडेअकरापर्यंत सगळे फोन संपले. तिचा घसा बसला होता, पण मन शांत होतं. काम चोख झालं होतं. चौतीस घरं वाचली होती.

तेवढ्यात दारात सायकल टेकवल्याचा आवाज आला.

एवेलिओ रेसिओ दारात उभा होता. बावन्न वर्षांचा, उंच, रेल्वेच्या कारखान्यात इंजिनं दुरुस्त करता करता पाठीतून थोडा वाकलेला. अंगात इस्त्रीचा सदरा. मंगळवारी आणि इस्त्रीचा सदरा! सोराइदाने तेही टिपून घेतलं.

"बाई, जरा बसू का? एक सांगायचं होतं."

"आधी मी विचारते. फाइलमध्ये काय घातलंस?"

तो गोंधळला आणि मग, तिला वाटलं, निर्लज्जासारखा हसला. "कळलं होय तुम्हाला? इतक्यात? मला वाटलं संध्याकाळपर्यंत तरी..."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"कुणाच्या म्हणजे?"

"माझी आडनावं कुणाला दिलीस?"

त्याचं हसू मावळलं. त्याने दाराची चौकट धरली. "बाई, तुम्ही उघडून बघितलं नाहीत?"

"मी उघडत नसते. अकरा वर्षं ओळखतोस ना मला?"

"उघडून तर बघा."

हे शब्द तो बोलला आणि सोराइदाचा चेहरा दगडासारखा झाला. "हेच," ती म्हणाली. "अगदी हेच शब्द असतात. सगळ्यांना फोन केलेत मी, एवेलिओ. तुझी फाइल एव्हाना सगळीकडे पुसली गेलीय."

"सगळ्यांना?"

"चौतीसच्या चौतीस."

"काय सांगितलंत?"

"जे झालं ते. तू फाइलला हात लावलास म्हणून."

गल्लीतून पावाची गाडी शिट्टी वाजवत गेली. एवेलिओने ती जाऊ दिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे आधी चौतीस घरांना सांगितलंत, आणि मग मला विचारताय."

"तू खरं सांगितलं असतंस का?"

"आता कशाला ते." त्याने सायकल वळवली. फाटकापाशी थांबला, परत फिरतोय असं वाटलं, पण त्याने फक्त पँटचा पाय चिमटीत धरून गुंडाळला, साखळीत अडकू नये म्हणून. "सांभाळून राहा, बाई," तो म्हणाला आणि गेला.

चोर असता तर त्याने आरडाओरडा केला असता, असं तिच्या मनात एकदा येऊन गेलं. पण पोचलेले चोर आरडाओरडा करत नाहीत, हेही लगेच मागोमाग आलं. तिने भात आणि काळे घेवडे गरम केले, अर्धे खाल्ले, अर्धे झाकून ठेवले.

तीनला ओनेलियाचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

"सोराइदा, रागावणार नाहीस ना?"

"उघडलंस तू."

"राहवलं नाही गं! दवाखान्यातला तो जुना डबा आहे ना, मरायलाच टेकलाय, म्हटलं मेला तर मेला. काही झालं नाही त्याला. आत फक्त चिठ्ठी आहे. साधी, मजकुराची."

"कसली चिठ्ठी?"

"तुझ्याबद्दल आहे. वाचू?"

सोराइदा खुर्ची ओढून बसली. ओनेलिया शाळेतल्या मुलीसारखी एकेक शब्द वेगळा काढत वाचायला लागली.

"'मित्रांनो, मी एवेलिओ. आजची ही माझी शेवटची फेरी. पुढच्या सोमवारपासून फाइल माझी बहीण मिर्ना आणेल, तिला दारात ताटकळत ठेवू नका. एक गोष्ट या फोल्डरात कुठेच लिहिलेली नाही, ती लिहून जातो. या फोल्डरातलं प्रत्येक अवजार सोराइदा वारोना सोकारास यांनी एकटीने तपासलेलं आहे. प्रत्येक ओळ त्यांची आहे. त्यांनी कधी नाव घातलं नाही, म्हणून मी घालतोय. हवानातले लोक आता हाच फोल्डर उचलून आपल्या नावाने वाटतात, ते मला सहन होत नाही. काही अडलं तर त्यांना विचारा. अकरा वर्षांत त्यांची चूक एकदाही झालेली नाही.'"

ओनेलिया थांबली. "संपलं. सोराइदा? ऐकतेयस ना? अगं, मी तर रडले वाचून. आणि सकाळी तू म्हणालीस की..."

"मी काय म्हणाले ते मला माहीत आहे," सोराइदा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मागच्या खोलीत जाऊन तिने स्वतः ती फाइल उघडली. अकरा वर्षांत पहिल्यांदा, आठवडा न थांबता. साधा मजकूर होता. तिचं नाव दोन्ही आडनावांसकट पडद्यावर होतं. शेवटची ओळ तिने दोनदा वाचली, आणि तिला इतकी लाज वाटली की घरात कुणी नसतानाही तिने तोंडावर हात धरला.

मग तिने एवेलिओच्या घरी फोन लावला. मिर्नाने उचलला.

"एवेलिओ आहे?"

"कोण, बाई का?" मिर्ना म्हणाली. "गेला तो. दोनच्या ट्रकने हवानाला. उद्या पहाटे विमान आहे."

"कुठलं विमान?"

"ज्वालामुखी बघायला चाललाय." त्या वर्षी निम्मं शहर हेच सांगत होतं. निकाराग्वाला जायला परवाना लागत नव्हता, तिकडे ज्वालामुखी होते, आणि ते बघून कुणीही घरी परत येत नव्हतं. सगळे तिथून उत्तरेला, डॉलरच्या देशाकडे पायी निघत होते. "सकाळी तेच सांगायला आला होता तुमच्याकडे. सदऱ्याला इस्त्री मीच करून दिली."

"मला माहीत नव्हतं, मिर्ना."

"नसणारच. त्याला वाटलं, ठसा प्रोग्रामचा असतो, चिठ्ठीचा थोडाच असतो. प्रोग्रामना त्याने हात लावला नव्हता म्हणत होता. रविवारी रात्री दोन तास बसला होता ती लिहीत. लिहायचं, खोडायचं. मला म्हणाला, तोंडावर सांगितलं तर बाई संशय घेतील की याला काय हवंय. आज जेवला नाही. दोन वाजेपर्यंत फोनजवळ बसला होता. म्हणाला, उघडून बघितलं की करतील फोन."

त्या वेळी सोराइदा घेवडे गरम करत होती.

"त्याच्याशी बोलता येईल?"

"मोबाइल विकला त्याने. तिकडे पोचला की कुणाच्या तरी फोनवरून करेल. केला तर."

"मिर्ना, आज संध्याकाळी इकडे येशील? नवी फाइल देते. सगळ्या घरी आजच जायला हवी."

"येते," मिर्ना म्हणाली. "तो सांगून गेलाय म्हणून येते."

सहाला वीज जाणार होती, गल्लीची पाळी होती. हातात दोन तास होते. सोराइदा संगणकासमोर बसली. एवेलिओची चिठ्ठी मुळातल्या फोल्डरमध्ये जशीच्या तशी ठेवायची, हे ठरलेलं होतं. नाव काढावं असं क्षणभर मनात आलं, जुनी सवय. तिने ते काढलं नाही. पण शेवटची ओळ खरी नव्हती, आणि जी गोष्ट खरी नाही ती तिने या फोल्डरमधून कधी जाऊ दिली नव्हती. ओळ तिची नव्हती, म्हणून खोडता येत नव्हती. तिने खाली जागा सोडली आणि लिहिलं:

'एकदा झाली. आजच, मंगळवारी. एवेलिओ रेसिओने यात काहीही वाईट घातलं नव्हतं. मी न वाचता त्याला खोटं ठरवलं आणि तुम्हा सगळ्यांना तसं सांगितलं. — सोराइदा वारोना सोकारास.'

फोल्डर बांधला. ठसा काढला. कागदावर लिहून घेतला. मग पहिला फोन दायामीला केला, कारण तिच्याकडून ऐकून घेतल्याशिवाय इतरांना तोंड देता आलं नसतं.

दायामीने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे माझ्या सांगण्यावरून त्याला विचारलं असतंत तर..."

"हो."

"आणि आता? उद्या तुम्ही म्हणाल हे चांगलं, ते वाईट. आम्ही तुमच्यावर तरी कसा विश्वास ठेवायचा?"

"ठेवू नकोस," सोराइदा म्हणाली. "ठसा तपास. आणि मी सांगितलं तरी स्वतः उघडून बघ."

"बरं," दायामी म्हणाली. "पाठवून द्या."

साडेपाचला मिर्ना आली. भावासारखी उंच नव्हती, ठेंगणी आणि गोल होती, पण कपाळ तेच. ती फाटकाच्या आत आली नाही. सोराइदाने बसायला सांगितलं.

"नको. चौतीस घरं आहेत."

सोराइदाने डिस्क रुमालात गुंडाळून दिली. मिर्नाने ती उलटसुलट करून पाहिली आणि मान वर न करता म्हणाली, "मी वाटेत हिच्यात काही घातलं तर?"

"तर ठसा बदलेल."

"आणि मग?"

"मग आधी तुला विचारीन."

मिर्नाने तिच्याकडे नीट बघितलं. तिने डिस्क पिशवीत ठेवली, पिशवी गळ्यात अडकवली आणि भावाच्या सायकलवर टांग टाकली. सीट अजून एवेलिओच्या उंचीवर होती, तिने ती खाली केली नव्हती. तिचे पाय पॅडलला पुरत नव्हते, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला ती एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे कलत होती. वळणापाशी तोल जाईल असं वाटलं, पण गेला नाही.

ती दिसेनाशी झाल्यावर सोराइदा आत आली. वीज पाळीच्या आधीच गेली होती. फोनला वीज लागत नव्हती. तिने यादी खिडकीपाशी नेली, उरलेल्या उजेडात पशुवैद्याचा नंबर शोधला आणि फिरवला. ओनेलिया आणि दायामी सोडून अजून बत्तीस जणांना सांगायचं होतं.